गरम झाल्यावर सेल्फ उचलत नाही? नवा सेल्फ घेण्याआधी व्होल्टेज कुठे अडकतंय ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीथमपूरच्या बाजूच्या एका साइटवर तुमचा बॅकहो लोडर चालतो. १२ व्होल्टचं मशीन, टर्बोचं इंजिन. सकाळी पहिल्या चावीला सुरू होतं. दुपारी काम थांबवून ऑपरेटर जेवायला उतरला आणि परत येऊन चावी मारली, की नुसता एक 'टक्' आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. अर्धा-पाऊण तास बोनेट उघडं ठेवलं की पुन्हा उचलतं. बॅटरी नवी टाकलीत, सेल्फचे (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरचे) कार्बन आणि बुश बदलून घेतलेत, तरी तेच. आता मेकॅनिक म्हणतोय नवा सेल्फ टाका, आणि तुम्ही विचारताय, टाकू का?

माझं उत्तर: आज टाकू नका. कदाचित शेवटी टाकावा लागेलही, पण तो निर्णय मल्टीमीटरवरच्या पाच आकड्यांनंतर घ्या. इंदूरमध्ये देवास नाका, सांवेर रोड, पीथमपूर या पट्ट्यात मी बरीच वर्षं बॅकहो, एक्स्कॅव्हेटर आणि क्रेनच्या वायरिंगचं काम करतो. सेल्फच्या तक्रारीत मालकाचा पैसा सगळ्यात जास्त कशात जातो, तर अंदाजाने सुटे भाग बदलण्यात. आधी बॅटरी, मग सेल्फ, मग चावीचा स्विच. आणि खरा दोष चेसिसला लावलेल्या एका गंजलेल्या बोल्टखाली बसलेला असतो.

तुमचा खरा प्रश्न 'कोणता भाग खराब आहे' हा नाहीच. चावी फिरवल्याच्या क्षणी बॅटरीतले १२ व्होल्ट सेल्फपर्यंत पोचतायत का, आणि नसतील तर वाटेत कुठे अडकतायत, हा आहे. हे एकदा सापडलं की भाग आपोआप कळतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. मशीन किती जुनं, साध्या पंपाचं की कॉमन रेलचं, मधे कुणी वायरिंगमध्ये हात घातलाय का, यावर तपासाचा क्रम थोडा बदलतो. मी खाली देतोय ते आकडे १२ व्होल्टच्या मशीनचे आहेत. तुमच्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर मॅन्युअल बरोबर माना.

पहिली गोष्ट, तो 'टक्' नेमका कुठून येतो? हे बरेच जण बघतच नाहीत. एकाला चावीवर बसवा आणि तुम्ही इंजिनजवळ कान लावून उभे राहा. आवाज केबिनमधल्या फ्यूज बॉक्सकडून, बारीक असा येत असेल तर तो रिलेचा आहे आणि सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचपर्यंत, करंट पोचलेलाच नाही. आवाज खालून, सेल्फच्या अंगातून, जड येत असेल तर सोलेनॉइड ओढला जातोय, पुढे काहीतरी अडलंय. एक टक् आणि शांतता, ही एक गोष्ट. भराभर 'कट्-कट्-कट्-कट्' ही दुसरी. तेव्हा बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचा लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) ढिला असतो, क्वचित सोलेनॉइडची धरून ठेवणारी कॉइल तुटलेली असते. आणि सेल्फ 'घर्रर्र' फिरतो पण इंजिन फिरत नाही, तर दोष पिनियनचा (सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचा), त्याच्या क्लचचा किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचा. तुमचं वर्णन वाचून मी जड एकच टक् धरून चालतोय, पण खात्री करून घ्या.

दुसरी गोष्ट तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे: बिघाड समोर असताना मोजा. संध्याकाळी मेकॅनिक येतो, तोवर मशीन थंड झालेलं असतं, चावी मारली की भुर्रकन सुरू होतं. मग तो सेल्फ उतरवून टेबलावर बॅटरी लावून फिरवतो, तोही छान फिरतो. टेबलावर सेल्फवर लोड नसतो आणि तो गरमही नसतो. त्या चाचणीतून तुमच्या दुपारच्या दोषाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून मीटर ऑपरेटरच्या डब्याशेजारी ठेवा आणि दुपारी दोष आला की तिथल्या तिथे मोजा.

मोजण्याआधी सुरक्षिततेचं. हँडब्रेक ओढलेला, गिअर आणि फॉरवर्ड-रिव्हर्सचा दांडा न्यूट्रलला, बकेट आणि मागचे पाय जमिनीवर टेकलेले, चाकांच्या पुढे-मागे कुणी नाही. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. आणि पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लावून सेल्फ थेट शॉर्ट करणं बंद करा. साइटवर हे सर्रास चालतं आणि मी ते पाहिलं की काम थांबवतो. चावीतून सुरू करताना न्यूट्रलचा स्विच तुमचं रक्षण करतो. खाली उभं राहून पान्याने शॉर्ट केलं आणि मशीन गिअरमध्ये असेल, तर ते सुरू होऊन तुमच्याच अंगावर चालून येतं, आणि तुम्ही त्या वेळी मागच्या चाकाच्या अगदी पुढे उभे असता. या एका सवयीने माणसं गेली आहेत.

आता पाच आकडे. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. प्रत्येक वेळी ऑपरेटरला दोन-तीन सेकंद चावी धरायला सांगा आणि त्या दोन-तीन सेकंदांत आकडा वाचा. चावी सोडल्यावरचा आकडा निरुपयोगी आहे.

पहिला आकडा बॅटरीच्या दोन खांबांमध्ये. लगवर नाही, शिशाच्या खांबावरच टोक टेकवा. दुसरा, बॅटरीचा प्लस खांब आणि सेल्फवर जिथे जाड केबल येते तो बोल्ट, यांच्यामध्ये. बऱ्याच सेल्फवर त्या बोल्टशेजारी ३० आकडा कोरलेला असतो. तिसरा, बॅटरीचा मायनस खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये; बॉडीवर रंग नसलेली, घासलेली जागा शोधा. चौथा, सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये, म्हणजे केबल येते तो आणि मोटरकडे पट्टी जाते तो. पाचवा, सोलेनॉइडची बारीक वायर, जिच्याजवळ ५० कोरलेलं असतं, आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये.

पहिल्या आकड्यावरून वाट ठरते. टक् झाल्यावरही बॅटरी १२.२, १२.३ वर तशीच उभी असेल, तर जाड केबलमधून मोठा करंट वाहतच नाहीये. म्हणजे रस्ता कुठेतरी तुटलाय: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, कार्बन किंवा एखादा जॉइंट. उलट बॅटरी धाडकन ७-८ व्होल्टवर आली, तर एकतर बॅटरीत दम नाही किंवा पुढे सेल्फ-इंजिन जाम आहे. अशा वेळी चावी काढून घ्या आणि क्रँक पुलीच्या नटाला सॉकेट लावून इंजिन हाताने फिरतं का बघा. नाही फिरलं तर पुन्हा चावी मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचलेलं असू शकतं आणि त्यावर जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. चांगल्या बॅटरीवर इंजिन नीट फिरत असताना हा आकडा साधारण ९.६ च्या खाली जायला नको.

दुसरा आणि तिसरा आकडा म्हणजे केबलची आणि अर्थिंगची परीक्षा. सेल्फ ओढत असताना प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आणि मायनसच्या बाजूला ०.३ च्या वर काही दिसलं, तर तिथे हात घालायचा.

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. मालक म्हणतात, 'केबल चेक केली, मीटर बीप वाजवतं.' बीप वाजणं म्हणजे केबल एका ठिकाणी तरी जोडलेली आहे, एवढंच. बॅकहोचा सेल्फ फिरताना तीनशे-चारशे अँपिअर सहज ओढतो, पहिल्या झटक्यात त्याहून बरेच जास्त. जॉइंटमध्ये एका ओहमचा दोनशेवा भाग, म्हणजे ०.००५ ओहम एवढा रोध वाढला, तर चारशे अँपिअरला तिथेच २ व्होल्ट खर्च होतात. एवढा बारीक रोध साध्या मीटरला दिसत नाही, त्याचा बीप वाजणारच. टेस्ट लॅम्पही लख्ख पेटणार, कारण लॅम्पला लागतो फार तर एक-दोन अँपिअर. लोड असताना व्होल्टेज किती पडतं हे मोजणं, हाच एक खरा उपाय.

एक उदाहरण सांगतो. देवास बायपासजवळच्या साइटवरचं एक मशीन, तक्रार थेट तुमच्यासारखी. तिसरा आकडा घेतला तर मायनसच्या बाजूला जवळजवळ दोन व्होल्ट. इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी बाहेरून ठीक दिसत होती. बोल्ट खोलला तर लगखाली चेसिसचा पिवळा रंग तसाच, आणि पट्टीच्या जाळीत आपली माळव्याची काळी माती घट्ट बसलेली, आतल्या तांब्यावर हिरवी बुरशी. पट्टी हाताने वाकवली तर अर्ध्या तारा तुटून हातात आल्या. नवी पट्टी, चेसिसवर चमकेपर्यंत घासलेली जागा, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. नंतरचा आकडा ०.२ च्या खाली होता. त्या मशीनला त्याआधी दोन बॅटऱ्या लागल्या होत्या. अर्थिंग मेली की करंट दुसरी वाट शोधतो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला, तर मीटर न लावताही अर्थिंग गेली असं समजा.

वेल्डिंगचंही इथेच सांगतो. साइटवर बकेटचा दात तुटला की वेल्डर येतो आणि त्याचा अर्थ क्लॅम्प मिळेल तिथे अडकवतो. क्लॅम्प चेसिसच्या लांबच्या टोकाला लागला की वेल्डिंगचा करंट याच पट्टीतून, कधी पिनच्या बुशमधून आणि बेअरिंगमधून फिरतो. क्लॅम्प दाताच्या अगदी शेजारी, बकेटवरच लावायचा, बॅटरी सुटी करायची, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या मशीनला कंपनीने सांगितलेले कनेक्टर काढायचे. तुमचा त्रास अशा एखाद्या वेल्डिंगनंतर सुरू झाला का, हे आठवून बघा.

आता चौथा आणि पाचवा आकडा. तुमची तक्रार 'गरम झाल्यावर' अशी असल्याने माझा मुख्य संशय इथे आहे. सोलेनॉइड दोन कामं करतो: पिनियन पुढे ढकलतो आणि शेवटच्या टप्प्यात तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबून मोटरला करंट देतो. ओढ कमी पडली तर पिनियन सरकतो, टक् वाजतो, पण चकती नीट बसत नाही. ओढ कमी का पडते? तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. सकाळी २५ अंशाला असलेली कॉइल दुपारी टर्बोच्या बाजूला बसून १०० च्या वर गेली, तर तिचा रोध तीस टक्क्यांनी वाढतो आणि करंट जवळजवळ चौथाईने घटतो. आणि चुंबकाची ओढ करंटपेक्षाही वेगाने कमी होते. एवढं सगळं कंपनीने डिझाइनमध्ये धरलेलं असतं. पण त्यात चावीच्या स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट, न्यूट्रलचा रिले, कनेक्टरमधला काळा पडलेला पिन, यांनी मिळून दीड-दोन व्होल्ट खाल्ले, की सकाळी कसंबसं चालणारं दुपारी अडतं. थंड झालं की परत चालतं. मशीन बंद केल्यावर पंखा थांबतो आणि पुढची काही मिनिटं बोनेटखालचा ताप उलट वाढतो. जेवणानंतरच अडतं ते यामुळे.

म्हणून पाचवा आकडा १० च्या खाली आणि बॅटरी मात्र १२ च्या वर, असं दिसलं तर सेल्फला दोष देऊ नका. सोलेनॉइडच्या बारीक वायरपासून मागे मागे चावीच्या स्विचपर्यंत या, प्रत्येक कनेक्टरच्या अलीकडे-पलीकडे चावी धरून मोजा, कुठे पडतंय ते सापडेल. बरेच जण इथे सेल्फजवळ एक वेगळा रिले बसवून देतात. तो उपाय चालतो, मीही करतो, पण दोन अटींवर: रिलेच्या प्लसला फ्यूज हवा, आणि रिलेला सुरू करणारी वायर न्यूट्रल स्विचमधूनच आलेली हवी. चावीवरून थेट वायर ओढून न्यूट्रल स्विच बाजूला काढणारा रिले मी बसवत नाही आणि दुसऱ्याने बसवलेला दिसला तर काढायला लावतो.

पाचवा आकडा चांगला, ११ च्या आसपास, आणि चौथ्यात टक् होताना मीटर बारा व्होल्ट दाखवतंय, तर चकती आणि बोल्टांच्या आतल्या टोकांवर जळाल्याचे खड्डे आहेत, किंवा कॉइल गरम झाल्यावर आतून शॉर्ट होतेय. त्यासाठी सोलेनॉइड बदलणं पुरतं, पूर्ण सेल्फ नको. चौथा आकडा ०.२ च्या आत, दुसरा-तिसराही ठीक, म्हणजे मोटरला पुरते व्होल्ट मिळतायत, आणि तरी ती फिरत नाही, तर दोष सेल्फमध्ये आहे: कार्बन होल्डरमध्ये अडकतायत, आर्मेचर गरम झाल्यावर जाम होतंय किंवा फील्ड कॉइलचा जॉइंट सुटतोय. कार्बन नुकतेच बदलले असतील तर ते होल्डरमध्ये मोकळे सरकतात का, हे मी आधी बघेन. बाजारातले काही कार्बन मापाने किंचित जाड असतात, थंड असताना सरकतात आणि तापले की अडकतात.

म्हणजे आत्तापर्यंत हाती आलं ते असं: दुसरा-तिसरा आकडा बिघडला तर केबल आणि अर्थिंग, पाचवा बिघडला तर चावी ते सोलेनॉइडची बारीक वायर, चौथा बिघडला तर सोलेनॉइड, सगळे चांगले असूनही मोटर उभी तर सेल्फ. नव्या सेल्फचा खर्च या शेवटच्या एकाच वाटेवर येतो.

सोबत आणखी एक बघा. टर्बो किंवा एग्झॉस्ट आणि सेल्फ यांच्यामध्ये पत्र्याचं उष्णतारोधक कवच असतं. सेल्फ उतरवताना ते काढतात आणि परत लावताना 'इसकी ज़रूरत नहीं' म्हणून कोपऱ्यात टाकून देतात. तुमचा सेल्फ एकदा उतरवून झालाय. ते कवच जागेवर आहे का, हे आजच बघा. नसेल तर जुनं शोधा किंवा पत्रा कापून नवं करून घ्या, मग बाकीचे आकडे काहीही येवोत.

केबल बदलायची वेळ आली तर मापात काटकसर करू नका. दोन मीटरची ७० चौरस मिलिमीटर शुद्ध तांब्याची केबल पाचशे अँपिअरला पाव व्होल्ट खाते, तीच ३५ ची टाकली तर अर्धा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तांबं म्हणून विकली जाते. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. टोक कापून सुरीने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. आणि लग हातोडीने ठोकून नाही, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबून घ्या. ठोकलेला लग पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, मशीनच्या हादऱ्यांनी सहा महिन्यांत हलायला लागतो.

बॅटरी नवी आहे म्हणून ती निर्दोष धरू नका, पण तिच्यात अडकूनही राहू नका. रात्रभर उभ्या मशीनवर सकाळी १२.६ च्या आसपास हवं, १२.२ म्हणजे ती अर्धीच भरलेली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळायला हवं, नाहीतर डायनामो किंवा त्याचा बेल्ट बघा. दिवसातून दहा वेळा बंद-चालू होणाऱ्या मशीनची बॅटरी भरायला वेळच मिळत नाही, हेही असतं.

२४ व्होल्टचा एक्स्कॅव्हेटर असणाऱ्यांसाठी एवढंच: आकडे साधारण दुप्पट धरा, आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. ऑपरेटर गाण्यांसाठी किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढतात. ती रोज उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि बेरीज २४.८ दिसल्याने सगळं ठीक वाटतं. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावून द्या. बॅटऱ्या बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या.

तोपर्यंत साइट चालवायची आहे, म्हणून दोन सूचना. टक् झाल्यावर चावी पुन्हा पुन्हा मारू नका. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट तेवढ्यानेच जळतात. सेल्फ फिरत असेल तरी एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे दोन मिनिटं विश्रांती. आणि दुसऱ्या मशीनने ओढून सुरू करायचा प्रयत्न करू नका. टॉर्क कन्व्हर्टरचा बॅकहो ओढून सुरू होत नाही, उलट ट्रान्समिशन खराब होतं. जेवायला थांबताना इंजिन लगेच बंद न करता तीन-चार मिनिटं आयडलवर ठेवा, टर्बोलाही बरं आणि सेल्फलाही.

उद्या दुपारी दोष आला की पाचही आकडे कागदावर लिहा. सोबत हे तीन तपशील द्या: टक् केबिनमधून येतो की खालून, उष्णतारोधक कवच आहे का, आणि सेल्फ उतरवल्यानंतर दोष वाढला की तसाच राहिला. ते इथे लिहिलंत की कोणता बोल्ट खोलायचा ते मी सांगतो.